विश्लेषण : फुफ्फुस प्रत्यारोपण यशस्वी… पण खरी लढाई त्यानंतरच का?

ग्रीन कॉरिडॉर, पोलिसांचा बंदोबस्त, विमानतळाकडे धावणारी रुग्णवाहिका आणि काही तासांत पार पडलेली शस्त्रक्रिया… अवयव प्रत्यारोपणाची बातमी बहुतेक वेळा इथे संपते. फुफ्फुसाच्या बाबतीत खरी कसोटी इथून सुरू होते. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार हृदय प्रत्यारोपण झालेले निम्मे रुग्ण १२ वर्षांहून अधिक जगतात. फुफ्फुसाच्या बाबतीत हाच काळ सहा-सात वर्षांचा आहे. या तफावतीमागील एक मोठे कारण म्हणजे श्वासमार्गातील जिवाणूसंसर्ग.

फुफ्फुसालाच धोका जास्त का?

मूत्रपिंड, यकृत हे अवयव शरीरात बंदिस्त असतात. फुफ्फुसाचे दार मात्र बाहेरच्या हवेला सतत उघडे असते. धूळ आणि जंतू प्रत्येक श्वासाबरोबर आत जातात. निरोगी माणसात श्वासनलिकेतील केसांसारखे सूक्ष्म तंतू कफ वर ढकलतात आणि खोकला तो बाहेर फेकतो. प्रत्यारोपणात नव्या फुफ्फुसाचे मज्जातंतू तुटलेले असतात. त्यामुळे जोडाच्या खालच्या भागात कफ साचला तरी खोकल्याची उबळ पुरेशी येत नाही. शिवाय शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड यांसारखी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. पहारेकरीच झोपवलेला असतो, तेव्हा चोराला दार फोडावे लागत नाही.

श्वासनलिकेचा जोड नाजूक का असतो?

जगातील पहिले मानवी फुफ्फुस प्रत्यारोपण ११ जून १९६३ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी येथे डॉ. जेम्स हार्डी यांनी केले. रुग्ण १८ दिवस जगला. पुढची दोन दशके बहुतेक प्रयत्न फसले. श्वासनलिकेचा जोड न भरून येणे आणि संसर्ग ही त्यामागची प्रमुख कारणे होती. १९८३ मध्ये टोरांटो येथे डॉ. जोएल कूपर यांच्या चमूला दीर्घकालीन यश मिळाले. पण जोडाचा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही. श्वासनलिकेच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या शस्त्रक्रियेत सहसा पुन्हा जोडल्या जात नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे जोडाला अपुऱ्या रक्तावर तग धरावा लागतो. तिथल्या पेशी मृत झाल्या की जिवाणू आणि बुरशीला आयते घर मिळते. पुढे जोड उसवणे, आकसणे किंवा नळीची भिंत ढिली पडणे अशा गुंतागुंती उद्भवतात. मग वारंवार ब्राँकोस्कोपी, फुग्याने नळी रुंद करणे, प्रसंगी स्टेंट असे उपाय करावे लागतात. स्टेंटवरही जिवाणूंचा थर जमतो, म्हणून तोही निर्धोक नाही.

हे जिवाणू येतात कुठून?

तीन वाटांनी. पहिली वाट दात्याची. मेंदूमृत दाता अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर असतो, त्यामुळे तिथले जंतू फुफ्फुसासोबत येऊ शकतात. दुसरी वाट रुग्णाची स्वतःची. एकच फुफ्फुस बदलले असेल तर जुने आजारी फुफ्फुस जंतूंचे कोठार ठरू शकते. तिसरी वाट रुग्णालयाची. स्यूडोमोनास, क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्टॅफिलोकोकस ही त्यातील नेहमीची नावे. स्टेरॉइडमुळे ताप दबून राहतो, त्यामुळे संसर्ग उशिरा लक्षात येण्याचीही भीती असते.

संसर्ग बरा झाला की धोका टळतो?

नाही. वारंवारच्या संसर्गाने फुफ्फुसात दाह राहतो आणि प्रतिकारशक्ती पुन्हा नव्या अवयवावर चालून जाण्याचा धोका वाढतो. बारीक श्वासनलिकांत व्रण तयार होऊन त्या कायमच्या बंद होत जातात. ही दीर्घकालीन बिघाडाची अवस्था पाच वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांना गाठते. संसर्ग वाढला तर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कमी करावीत, आणि अवयव नाकारला जाऊ लागला तर वाढवावीत, अशा कात्रीत डॉक्टर सापडतात.

भारतात प्रश्न अधिक बिकट का?

आयसीएमआरच्या अहवालांतून क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जिवाणू कार्बापेनेमसारख्या राखीव प्रतिजैविकांनाही मोठ्या प्रमाणावर दाद देत नसल्याचे सातत्याने दिसते. सर्दी-खोकल्याला दुकानातून सहज घेतलेल्या गोळ्यांची किंमत अशी कुणीतरी दुसराच मोजतो. अशा औषधांसाठी शेड्युल एच-१ चा नियम २०१४ पासून लागू आहे. चिठ्ठीविना विक्री नाही आणि प्रत्येक विक्रीची नोंद तीन वर्षे जपायची, असे तो सांगतो. अंमलबजावणीत मात्र ढिलाई आहे. दुसरी अडचण अंतराची. देशातील बहुतांश फुफ्फुस प्रत्यारोपणे चेन्नई, हैदराबादसारख्या मोजक्या शहरांतील खासगी रुग्णालयांत होतात आणि रुग्ण आपल्या गावी परततो. तिथल्या डॉक्टरांनी सहज लिहिलेले क्लॅरिथ्रोमायसिन टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी इतकी वाढवू शकते, की मूत्रपिंडाला इजा होते. उलट क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन ती पातळी खाली आणते आणि अवयव नाकारला जाण्याचा धोका वाढतो. क्षयरोगाचा मोठा भार असलेल्या देशात ही बाब किरकोळ नव्हे.

मग काय करायला हवे?

यशाची मोजपट्टी बदलायला हवी. रुग्ण घरी गेला म्हणजे प्रत्यारोपण यशस्वी, ही व्याख्या अपुरी आहे. एक वर्ष आणि पाच वर्षांनंतर किती रुग्ण हयात आहेत, संसर्गाचे प्रमाण किती, हे प्रत्येक केंद्राने जाहीर करणे बंधनकारक असावे. आर्थिक मदतीची चर्चा शस्त्रक्रियेच्या खर्चाभोवतीच फिरते. तीत आयुष्यभराची औषधे, तपासण्या आणि ब्राँकोस्कोपीही यायला हव्यात. प्रत्येक रुग्णाला घरी फुफ्फुसाची क्षमता मोजणारे छोटे स्पायरोमीटर मिळावे. दहा टक्क्यांची घटसुद्धा तातडीने डॉक्टरांना कळवण्याजोगी असते. जिल्हा पातळीवरील डॉक्टरांना प्रत्यारोपण केंद्राशी थेट बोलता येईल अशी व्यवस्थाही हवी.

यातील कोणत्याही उपायाला नवे तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती शिस्त. आपले माणूस गमावल्याच्या क्षणी एखादे कुटुंब त्याची फुफ्फुसे अनोळखी माणसाला देते. ती फुफ्फुसे रोखता येण्याजोग्या संसर्गाने निकामी झाली, तर तो त्या दानाचाही अवमान ठरतो. ग्रीन कॉरिडॉरसाठी थांबणारे शहर कौतुकास पात्र आहेच. पण प्रतिजैविकांबाबतची शिस्त हाही त्याच वाटेचा पुढचा टप्पा आहे आणि तो आपल्या सर्वांच्या हातात आहे.