पत्रावळ्या कोण आणतं?

या वेळचं संपादकीय एका वहीबद्दल आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची साधी वही. माणमधल्या आमच्या गोधडी-गटाच्या अंगतपंगतीचा हिशेब मी गेलं दीड वर्ष तिच्यात लिहीत आले. पुढच्या वेळी कुणी काय आणायचं, प्रत्यक्षात कुणी काय आणलं, दोऱ्याची रिळं किती लागली, सुया किती हरवल्या, सगळं. अक्षर माझं आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

माण हे मुळशी तालुक्यातलं गाव. हिंजवडीच्या राजीव गांधी आयटी पार्कचा तिसरा टप्पा याच गावाच्या जमिनीवर उभा आहे. गावठाणात जुनी घरं आहेत, जमिनीच्या पैशातून उठलेल्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत, आणि त्यांच्या पलीकडे काचेच्या कंपन्या आणि उंच इमारती. तिन्ही ठिकाणच्या बायका एकमेकींना रोज पाहतात, पण बोलायचं कारण पडत नाही. आमचा गट या तिन्हींतला. काही गावातल्या सुना-सासवा, काही लातूर, नांदेड, जालन्याकडून येऊन खोल्यांत राहणाऱ्या, कंपन्यांच्या कँटीनमध्ये किंवा साफसफाईच्या कामावर जाणाऱ्या, आणि दोघी-तिघी इमारतींमधल्या. सगळ्या मिळून अठरा. महिन्यातून एका रविवारी दुपारी जमायचं, जुन्या साड्या-लुगड्यांच्या गोधड्या शिवायच्या आणि शेवटी आपापले डबे उघडून एकत्र जेवायचं. हा बचत गट नाही, कर्ज नाही, कसलं प्रशिक्षण नाही. निव्वळ आवड. बायकांनी निव्वळ आवडीसाठी घराबाहेर पडायचं म्हटलं की घरोघरी किती प्रश्न विचारले जातात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

अठरा जणींची अंगतपंगत जमवणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. पहिल्या रविवारी आम्ही काहीच ठरवलं नव्हतं. सात बटाट्याच्या भाज्या आल्या आणि भाकऱ्या चार. दुसऱ्या वेळी प्रत्येकीने अठरा जणींना पुरेल इतकं केलं आणि निम्मं परत नेलं. मग नियम केला की एका डब्यात सहाजणींपुरतं आणायचं. प्रत्येकीने सगळ्यातलं थोडं थोडं घ्यायचं म्हणजे पोटही भरतं आणि उरतही नाही. भाकरी-चपातीचं काम मात्र कुणालाच नको असतं. अठरा जणींच्या पन्नासभर भाकऱ्या म्हणजे रविवारी सकाळी दोन-तीन तास तव्यासमोर, आणि त्याचं कौतुक शून्य. भाकरी छान झाली होती असं कुणी म्हणत नाही, म्हणतात ते भरलेल्या वांग्याला आणि पुरणपोळीला. म्हणून गोडाच्या पदार्थाला हात आधी वर जायचे आणि भाकरीच्या वेळी सगळ्या सुईत दोरा ओवायला लागायच्या. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८ मिनिटं वेळ जातो असं आलं आहे. आमच्या छंदाच्या रविवारीही त्या २८९ मिनिटांतलं एक मिनिट कमी होत नाही, उलट वरचा एक डबा वाढतो.

हे सगळं सांभाळण्यात मी खूश होते. गटकार्याचा पेपर एम.एस.डब्ल्यू.ला मला चांगला गेला होता. गटात कोण कुणाशी बोलतं, कोण कडेला पडतं, हे रेघा मारून कसं मांडायचं तेही शिकले होते.

दिवाळीच्या सुट्टीत दोऱ्याचा हिशेब लावायला वही उघडली आणि मागची पानं उलटत गेले. सतरा रविवार झाले होते. त्यांतल्या चौदा रविवारी ‘पत्रावळ्या, द्रोण, पाण्याचा जार’ यापुढे एकच नाव होतं. दोन रविवारी ती आलीच नव्हती. उरलेला एक रविवार अगदी पहिला, ज्या दिवशी काही ठरलेलं नव्हतं.

आमच्या गटातली ती एकटी बौद्ध.

मी स्वतःला सांगून पाहिलं की ती स्वतःच म्हणायची. खरंच म्हणायची. यादी सुरू व्हायच्या आत तिचा आवाज यायचा, ‘ताई, पत्रावळ्या माझ्याकडे लिहा.’ मला बरं वाटायचं, एक ओळ न भांडता भरायची. कामावर जाणारी बाई आहे, रविवारचा स्वयंपाक तिला जड जात असेल, असंही मी गृहीत धरलं होतं. कँटीनमध्ये दिवसाला शेकड्यांनी माणसांचं जेवण रांधणाऱ्या बाईबद्दल मी हे गृहीत धरलं होतं!

एका संध्याकाळी तिच्या खोलीवर गेले. तिने चहा ठेवला. मी वही काढली, तेव्हा ती हसली. म्हणाली, ‘पहिल्या रविवारी मी डाळवांगं आणलं होतं. डबा जसाच्या तसा घरी आला. कुणी वाईट बोललं नाही ताई. कुणाची चतुर्थी होती, कुणाला पित्त होतं, कुणाचं पोट भरलं होतं. रात्री आम्ही घरात तेच खाल्लं.’ जरा थांबून म्हणाली, ‘तुम्हीपण नव्हतं घेतलं. तुम्ही वाढण्यात होता.’

त्या दिवशी मी काय खाल्लं ते मला आठवत नाही. वहीत लिहिलेलं नाही.

मैत्रिणींनो, या गोष्टीत वाईट बाई शोधायला गेलात तर सापडणार नाही. कुणी कुणाला हिणवलं नाही, ताट वेगळं ठेवलं नाही, सगळ्या एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसत होत्या. तिने आणलेल्या पत्रावळीवर जेवत होत्या, तिने आणलेल्या जारचं पाणी पीत होत्या. कारण पत्रावळी दुकानातली, जार सीलबंद. दुकानातल्या वस्तूला विटाळ नसतो. विटाळ असतो तो चुलीला आणि हाताला. आणि कापडाला तर मुळीच नाही! तिच्या आईचं हिरवं लुगडं आमच्या तिसऱ्या गोधडीच्या मधोमध आहे. त्याला टाके घालताना कुणाला पित्त झालं नाही.

आणखी एक हिशेब मला उशिरा सुचला. बाकीच्या बायका घरच्या पिठाचं, घरच्या डाळीचं करून आणत होत्या. पत्रावळ्या आणि जार रोख पैशांनी येतात. दर वेळी तिचे दीडशे-दोनशे रुपये जात होते. म्हणजे आमच्या यादीत सगळ्यांत कमी मानाचं काम सगळ्यांत कमी मिळकत असलेल्या बाईकडे होतं आणि पैशांत सगळ्यांत महाग तेच होतं.

एकत्र जेवण्याच्या याद्यांचा आपल्याकडचा इतिहास मोठा आहे. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. तिचे सभासद गुप्तपणे जमून जातीबाहेरचं अन्न खात, आणि १८६०च्या सुमाराला सभासदांची कागदपत्रं चोरीला जाऊन नावं बाहेर फुटली तेव्हा ती सभा मोडली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक यांच्यासारखी मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’त छापून टाकली, ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तं झाली. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत घरात बसून ते प्रकरण कसं दिसलं ते लिहिलं आहे. पुढे अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजनं घातली, तीही जाहीरपणे.

पण या सगळ्या हकिकतींत एक गोष्ट सारखी आहे. जेवणारे बहुतेक पुरुष आणि जेवण घराबाहेरचं. सहभोजनात आचारी कुणीतरी एक असतो, पंगत एक दिवसाची असते आणि पंगतीतून उठलेला पुरुष घरी जाऊन बायकोच्या हातचं जेवतो. अंगतपंगतीची परीक्षा याहून अवघड आहे. इथे प्रत्येकीच्या घरची चूल डब्यातून येते. तिच्या हातचं, तिच्या भांड्यातलं, तिच्या चवीचं. आणि चुलीचं सोवळं सांभाळायचं काम तर परंपरेने आपल्याच गळ्यात बांधलेलं आहे. घरातल्या पुरुषाने बाहेर काहीही खाल्लेलं चालतं, घरात काय शिजेल आणि कुणाच्या हातचं शिजेल याची पहारेकरीण बाई. २०१७ साली पुण्यातच एका उच्चशिक्षित बाईंनी आपल्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर, जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला म्हणून पोलिसांत तक्रार दिली होती. पुढे ती मागे घेतली गेली, पण बाई विरुद्ध बाई असा तो कागद सरकारी दप्तरी झालाच. बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं होतं की नुसत्या सहभोजनाने जात जात नाही. आम्ही अजून त्या अलीकडच्या पायरीवर अडखळतो आहोत. १९५५ पासून अस्पृश्यता पाळणं हा कायद्याने गुन्हा आहे, पण न उघडता परत गेलेल्या डब्याला कुठलं कलम लावणार?

माझा पहिला विचार, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर हे बोलायचं, हाच होता. तिने तो तिथल्या तिथे मोडला. ‘माझं नाव घेऊन काही करू नका. तुम्ही बोलून जाल, मला इथेच राहायचंय. खोलीमालकीणही गटात आहे.’ चळवळीतल्या आपल्याला बोलून टाकण्याची घाई असते, आणि त्याची किंमत दुसरीच कुणीतरी भरते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिच्या खोलीत कळलं.

मग मी एवढंच केलं की पुढच्या रविवारी अख्खी वही मोठ्याने वाचली. सगळ्यांचीच. कुणी गोड किती वेळा आणलं, कुणी भाजी, कुणी भाकरी. वाचता वाचता जे बाहेर आलं ते मलाही नवीन होतं. गावातल्या एका मोठ्या घरच्या सुनेच्या नावावर नऊ वेळा भाकऱ्या होत्या. दर वेळी तिच्या सासूबाईंनी परस्पर सांगितलेलं, ‘आमची करंल.’ नऊ वेळा हे ऐकल्यावर सून खाली मान घालून हसली आणि सासूबाईंनी चष्मा पुसायला काढला. मग पत्रावळ्यांचे चौदा आकडे वाचले. खोलीत कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना समजलं होतं, असं मला वाटलं. ज्या रोज भिशीच्या चिठ्ठ्या काढतात त्यांनीच सुचवलं की इथेही चिठ्ठ्या काढू. भाकरी दोघींनी मिळून करायची आणि पत्रावळ्यांचा खर्च सगळ्यांत वाटायचा, हेही तेव्हाच ठरलं.

पहिल्याच चिठ्ठीत तिला भाजी आली. तिने मुद्दाम डाळवांगंच आणलं. सर्वांत आधी त्या नऊ वेळा भाकऱ्या करणाऱ्या सुनेने डबा स्वतःकडे ओढला आणि वाढून घेतलं. मी घेतलं. आणखी काहीजणींनी घेतलं. तिघींनी डबा नुसता पुढे सरकवला. शेवटी तो निम्मा उरला होता. तिने आत बघितलं आणि काही न बोलता झाकण लावलं.

त्यानंतर दोघी यायच्या बंद झाल्या. एकीने निरोप पाठवला की गुडघे दुखतात. दुखतही असतील. तिच्या वाट्याची गोधडी अर्धी शिवून पडली आहे, ती परत मागवायची की तिच्याकडेच ठेवायची यावर गटात अजून एकमत नाही. अर्ध्याजणींना वाटतं, मी उगाच जुनं उकरून काढलं, चांगलं चाललं होतं. कुणाचं चांगलं चाललं होतं, असं मी अजून त्यांना विचारलेलं नाही, विचारायचं आहे. सामिष डब्याचा विषय तर आम्ही काढलेलाच नाही. अठरापैकी बाराजणींच्या घरी दर आठवड्याला मटण-मासळी शिजते आणि अंगतपंगत मात्र कायम शाकाहारी. हा नियम कुणी केला, ते वहीत कुठेच नाही.

हे संपादकीय छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवलं. नाव नाही, याची दोनदा खात्री करून घेतली. एक दुरुस्ती तिने सांगितली. मी आधी वांग्याचं भरीत असं लिहिलं होतं. ‘डाळवांगं लिहा ताई,’ म्हणाली, ‘भरीत मला जमत नाही.’

मागच्या रविवारच्या चिठ्ठ्यांत पत्रावळ्या आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजींना आल्या आहेत. कुठल्या दुकानात मिळतात म्हणून त्या विचारत होत्या. तिला गोड आलं आहे. गव्हाची खीर करते म्हणाली. उठताना जवळ येऊन हळूच विचारलं, ‘सहाजणींपुरतीच करू ना? उरायला नको.’ मी म्हटलं, नियम सहाचाच आहे, सहाजणींपुरती कर. अंक तुमच्या हाती पडेल तोवर तो रविवार होऊन गेलेला असेल.