पीसीओएस: सोनोग्राफी अंडाशयाची होते, लिव्हर कोण बघणार?

पीसीओएस म्हटलं की चुकलेली पाळी, पिंपल्स, चेहऱ्यावरचे केस आणि 'पुढे मूल होईल ना?' एवढीच चर्चा होते. लिव्हरचं नाव सहसा निघत नाही. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासात पीसीओएस असलेल्या दर तीनपैकी जवळपास एकीला फॅटी लिव्हर आढळलं. या अभ्यासात १८ ते ४० वयाच्या ९,८२४ महिला होत्या. कोणते निकष लावले त्यानुसार पीसीओएसचं प्रमाण ७.२ ते १९.६ टक्के निघालं.

अंडाशयाचा आजार लिव्हरपर्यंत कसा पोहोचतो?

दुवा आहे इन्सुलिन. अनेक मुलींच्या शरीरात इन्सुलिन असतं, पण पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. मग शरीर आणखी इन्सुलिन तयार करतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन वाढवायला लावतं आणि लिव्हरमध्ये चरबी साठवतं. अशा लिव्हरमध्ये एक खास प्रथिनही कमी तयार होतं. पुरुषी हार्मोनला बांधून ठेवणं हे त्याचं काम. ते घटलं की रक्तात मोकळं हार्मोन वाढतं आणि पाळी आणखी बिघडते. म्हणजे लिव्हर इथे फक्त मार खात नाही, आजार वाढवायलाही हातभार लावतं. दारूचा थेंबही न घेतलेल्या २२ वर्षांच्या मुलीला हे होऊ शकतं, आणि दुखत-खुपत काहीच नसतं.

'मी तर बारीक आहे' हाही दिलासा पुरेसा नाही. मुंबईत १५ ते २४ वयाच्या मुलींच्या एका अभ्यासात पीसीओएस निघालेल्या बहुतेक जणी लठ्ठ नव्हत्या. वजनापेक्षा कंबर जास्त सांगते. महिलांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

गोंदियातल्या मुलीची अडचण

सरकारने फॅटी लिव्हरला असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२१ मध्येच घेतलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पण या कार्यक्रमात आशाताई घरोघरी जाऊन जो फॉर्म भरतात, कंबर मोजतात, तो ३० वर्षांपुढच्यांसाठी. किशोरवयीनांसाठीचा कार्यक्रम १० ते १९ वयापुरता. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावची २३ वर्षांची मुलगी या दोन्हींच्या मधोमध पडते. गरोदर राहिली तरच सरकारी यंत्रणा नियमितपणे तिची तपासणी करते. पीसीओएस नेमका याच वयात पकडला जातो, हे लक्षात घेतलं तर ही फट फार महाग पडणारी आहे.

दुसरी गोष्ट पूर्व विदर्भाची. इथे सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. सिकलसेलचा आजार असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी फसवी येऊ शकते. नुसता वाहक असला तरी आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. त्यामुळे सिकलसेलचं कार्ड डॉक्टरांना आधी दाखवावं. पीसीओएससाठी २०२३ च्या आंतरराष्ट्रीय सूचनाही ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीलाच सर्वांत अचूक मानतात.

मग विचारायचं काय?

सोनोग्राफी होणारच असेल तर फक्त ओटीपोटाची न करता पूर्ण पोटाची करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. मशीन तेच, लिव्हर वीतभर वर. थोडी चरबी सोनोग्राफीत सुटू शकते आणि लिव्हरच्या रक्त तपासण्या चरबी असूनही नॉर्मल येऊ शकतात. म्हणून कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, बीपी आणि साखर हे सगळं एकत्र बघावं लागतं. पाळीच्या गोळ्या गर्भाशयाच्या अस्तराला जपतात, त्या मनाने बंद करू नयेत. पण त्यांनी पाळी आली म्हणजे लिव्हरही सुधारलं, असा अर्थ नाही.

खापर भातावर फोडणं सोपं आहे. पण आजीही भातच खायची आणि रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकलेली असायची. नातीच्या ताटात भात तेवढाच राहिला, सोबत बिस्किटं आणि कोल्ड्रिंक आलं, आणि दिवस अभ्यासिकेतल्या खुर्चीवर जायला लागला. भात सोडण्याची गरज नाही. तो कमी घेऊन धुऱ्यावरच्या तुरीचं घट्ट वरण, हरभरा, अंडी किंवा मासळी वाढवता येते. वजन जास्त असेल तर ५ टक्के घटलं तरी लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते. ६० किलोच्या मुलीसाठी हे होतात ३ किलो.