जिन्याच्या वळणावरचा राउटर
नाशिकच्या सिडको-अंबड परिसरात मूळ बैठ्या घरांवर मजले चढवलेली घरं गल्लोगल्ली दिसतात. खाली हॉलमध्ये फायबरचा राउटर, वर मुलांची अभ्यासाची खोली आणि मधे सळयांचा जाड स्लॅब. काँक्रीट लहरी शोषतं, लोखंड त्या परतवतं; वर ऑनलाइन तास अडखळतो. अशा घरात कपाटात पडून असलेला जुना राउटर खरोखर कामाला येतो. आधी तो केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि त्याचा पत्ता बदलायचा: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. मग यातलं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय, बंद. बहुतेक जण इथेच चुकतात. दोन्ही राउटर पत्ते वाटू लागले की मोबाइलवर वायफायच्या कांड्या पूर्ण दिसतात, पण पान उघडत नाही. त्यानंतर डब्ल्यूडीएस, म्हणजे ब्रिज सुरू करून मुख्य राउटरचं नाव नि पासवर्ड भरायचा, चॅनेल दोन्हीकडे एकच ठेवायचा. जागा वरच्या खोलीत नको, जिन्याच्या वळणावर हवी. सिग्नल पोहोचतच नाही तिथून तो पुढे जाणार कसा? स्लॅबमधून २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल ५ गिगाहर्ट्झपेक्षा बरा पार होतो. मात्र एकाच रेडिओवर घेणं-देणं चालल्याने वेग साधारण निम्मा होतो, हे धरूनच चालावं. घराचं काम निघालंच असेल तर प्लास्टरआधी जिन्यालगत एक पाइप टाकून घ्या. त्यातून नेलेल्या केबलइतका भरवशाचा दुसरा मार्ग नाही.