भांडण अंशाचं, प्रश्न छेदाचा

निवडणूक जवळ आली की मोबाईलवर तोच फॉरवर्ड फिरू लागतो: ‘अमुक साली ते बहुसंख्य होणार.’ आपलं उत्तरही ठरलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा तक्ता चिकटवायचा, दोन आकड्यांना गोल करायचा आणि जिंकल्यासारखं झोपी जायचं.

तक्ता खरा आहे. १९९२-९३च्या पहिल्या सर्वेक्षणात एका मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१च्या पाचव्या सर्वेक्षणात २.३६. हिंदूंमध्ये हाच दर ३.३वरून १.९४वर आला. मुस्लिमबहुल जम्मू-काश्मीरचा दर १.४ आहे, बिहारचा ३.०. शाळेची पायरीही न चढलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं होतात, बारावी किंवा त्यापुढे शिकलेलीला १.८. एस. वाय. कुरैशी यांनी २०२१ मध्ये या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. तरी वाद संपला नाही, कारण समोरच्याला हिशेब नकोच आहे, त्याला भीती विकायची आहे.

पण आपणही त्याने आखलेल्या मैदानावरच खेळत बसलो आहोत. ‘आम्ही एवढे वाढत नाही हो’ हे पटवण्यात सगळी ताकद जाते. मुलं कमी झाली, मग त्यातून आपल्या घरांच्या हाती काय लागलं, हे कुणी विचारत नाही. ते विचारायचं तर वेगळा आकडा लागतो: अवलंबित्व गुणोत्तर.

गणित शाळेतलंच आहे. अंशात १५ वर्षांखालची मुलं आणि ६५ व त्यावरच्या वयाचे वृद्ध. छेदात १५ ते ६४ वयाचे सगळे. भागाकाराला शंभरने गुणायचं. १९६०च्या दशकात भारतात हा आकडा ८०च्या आसपास होता. कमावत्या वयाच्या शंभर माणसांमागे ऐंशी खाणारी तोंडं, आणि त्यात बहुतेक लहान मुलं. आज तो ५०च्या खाली आहे.

हा आकडा ठरलेल्या वाटेने जातो. आधी बालमृत्यू घटतात, घरं मुलांनी भरतात, गुणोत्तर चढतं. पुढे जन्म कमी होतात, आधीची मुलं कमावत्या वयात येतात आणि गुणोत्तर उतरतं. ही त्या समाजाची सुगी. मग तीच पिढी म्हातारी होते, मागे माणसं कमी असतात आणि गुणोत्तर पुन्हा चढतं, या वेळी वृद्धांमुळे. जपानमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते ४३च्या आसपास होतं, आज ७०च्या आसपास आहे. पण जपानने सुगीतच कोठार भरून घेतलं होतं. भारताच्या २०१८-१९च्या आर्थिक पाहणीने म्हटलंय की २० ते ५९ वयाच्या लोकांचा वाटा २०४१च्या सुमारास सर्वाधिक असेल. तिथून उतार सुरू. मुस्लिमांचा जन्मदर थोडा उशिरा खाली आला, म्हणून आपली सुगीही थोडी मागे-पुढे असेल. पण येईल ती एकदाच, आणि ती सुरू झाली आहे.

आता हेच गणित मालेगावच्या किंवा जुन्या नाशकातल्या एखाद्या घरात मांडून पाहा. १९९२-९३च्या आगेमागे जन्मलेली मुलं आज तिशीत आहेत. अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर चार भावंडं खर्च वाटून घेतात. एकाचं काम सुटलं तर तिघं सांभाळून नेतात. हीच पिढी २०५५च्या आधी साठी ओलांडेल, तेव्हा तिच्यामागे दोन मुलं असतील. त्यातल्या मुलीला आपण घरी बसवलं, तर कमावता उरतो एक. दोन म्हातारे, एक पगार, आणि त्याचा स्वतःचा संसार.

इथे या गुणोत्तराची खोट दिसते. ते फक्त वय मोजतं, काम मोजत नाही. बी.एस्सी. होऊन स्थळाची वाट बघत घरी बसलेली चोवीस वर्षांची मुलगी त्यात ‘आधार देणारी’ म्हणून छेदात धरली जाते. कागदावर आपली सुगी म्हणूनच जोरात दिसते. प्रत्यक्षात, देशाच्या श्रमबल सर्वेक्षणांत मोठ्या धर्मसमूहांमध्ये मुस्लिम स्त्रियांचा सहभाग सर्वांत कमी निघत आला आहे. म्हणजे अंश कमी करण्याचं काम आपल्या अम्मींनी आणि आपांनी करून दाखवलं. छेद अर्धा आपण ठेवला.

यात सरकारचा वाटा मोठा आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६चा, महमूदुर रहमान समितीचा २०१३चा. २०१४ मध्ये महाराष्ट्रात पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. शिक्षणातला भाग उच्च न्यायालयानेही थांबवला नाही, तरी अध्यादेशाचा कायदा झाला नाही. २०२०-२१च्या उच्चशिक्षण पाहणीत मुस्लिम विद्यार्थी एका वर्षात २१ लाखांवरून १९.२१ लाखांवर आले. आणि २०२२ मध्ये काय झालं? पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आणि मौलाना आझाद फेलोशिप, दोन्ही बंद. लाल किल्ल्यावरून २०१९ मध्ये ‘लोकसंख्या विस्फोट’ ऐकला, २०२५ मध्ये घुसखोरांच्या नावाने ‘डेमोग्राफी मिशन’. ज्यांना लोकसंख्येची खरंच काळजी आहे, त्यांनी मुलींच्या शाळेचा पैसा कापला नसता. बारावी शिकलेलीचा आकडा त्यांच्याच सर्वेक्षणात छापलेला आहे.

पण सरकारला बोल लावून आपली सुटका नाही. ‘मुलगा हीच पेन्शन’ हे आपल्या मोहल्ल्यांतलं धोरण चार-पाच मुलांच्या काळातलं आहे. ‘रिज्क देणारा अल्लाह आहे’ हे म्हणणाऱ्याशी माझा वाद नाही. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणं नव्हे, हे मात्र आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. मालेगावचा यंत्रमाग कामगार कापडाच्या मीटरवर मजुरी घेतो. वीसपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला भविष्य निर्वाह निधीचा कायदा सहसा लागतच नाही. नजर आणि पाठ गेली की त्याच्या हाती काय? ‘श्रावणबाळ’चे महिना १,५०० रुपये, तेही कागदपत्रं जुळली तर.

मग मागायचं काय आणि करायचं काय?

मागायचं ते भीत-भीत मागू नका. बंद केलेल्या शिष्यवृत्त्या परत द्या. शिक्षणातल्या पाच टक्क्यांचा कायदा करा. मालेगावात मुलींना बारावीनंतर चालत जाता येतील अशी सरकारी कॉलेजं आणि आयटीआय काढा. वीसच्या आतल्या कारखान्यांतल्या कामगारांनाही निवृत्तीवेतनाच्या छत्राखाली आणा. यातली शेवटची मागणी फक्त मुस्लिमांच्या कामाची नाही. इचलकरंजी आणि भिवंडीच्या मागावर बसणाऱ्या प्रत्येकाची ती आहे.

करायचं ते आपल्या हातात आहे. १८ ते ४० वयाच्या असंघटित कामगारासाठी ‘श्रम योगी मानधन’ योजना २०१९ पासून आहे. वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरतं, साठीनंतर महिना ३,००० मिळतात. तीस वर्षांनी तीन हजारांत काय येणार, हे मलाही कळतं. वाढवून मागायला आधी नोंद तरी हवी. रमजानमध्ये रेशनचे किट वाटणाऱ्या प्रत्येक मंडळाने या वर्षी नोंदणीचं एक टेबलही लावावं.

आणि १ मार्च २०२७च्या संदर्भ तारखेची जनगणना दारात येईल तेव्हा घरातल्या बाईचं काम लिहा. ती यंत्रमागाच्या कांड्या भरते, शिवणकाम करते, शिकवण्या घेते. तिच्यापुढे ‘गृहिणी’ लिहून मोकळे झालात, तर जो छेद आधीच अर्धा आहे, त्याचा उरलेला भागही आपणच खोडून टाकू.

फॉरवर्ड पाठवणाऱ्याला उत्तर जरूर द्या, पण दोन मिनिटांत. उरलेला वेळ घरातल्या त्या चोवीस वर्षांच्या मुलीच्या नोकरीच्या अर्जासाठी द्या. २०५५ मध्ये तुमच्या औषधांची चिठ्ठी फॉरवर्डवाला भरणार नाही. ती भरणारे दोघंच असतील, आणि ते खरोखर दोघं असतील की एक, हे आज ठरतंय.