मैदान की मार्कशीट?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत गुणगौरव सोहळे होतात. नव्वद टक्केवाल्यांना ट्रॉफी मिळते. राज्य पातळीवर खेळून साठ टक्के मिळवणारी मुलगी मात्र प्रेक्षकांत बसते. वर उपदेश असतोच: खेळून काय पोट भरणार?

मी वर्ध्याचा, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. म्हणून आधी हिशेब मांडतो. २०१७ मध्ये ‘खेलो इंडिया’चा नवा आराखडा मंजूर झाला, तेव्हा निवडक खेळाडूंना ८ वर्षं दरवर्षी ५ लाखांची मदत ठरली. पण वर्षाला निवड १०००ची, तीही अख्ख्या देशातून. आर्वी, पुलगाव, हिंगणघाटच्या वाट्याला त्यातलं किती येणार? झहीर खान इंजिनिअरिंग सोडून क्रिकेटकडे वळला आणि २०११च्या वर्ल्डकपमध्ये त्याने २१ विकेट घेतल्या. श्रीरामपूरच्या त्या पोराचा अभिमान जरूर बाळगा, पण त्याच्या भरवशावर पुस्तकं गुंडाळू नका. एक दुखापत पुरते.

क्रीडागुणांवरही विसंबू नका. ते बोर्डाच्या निकालात मिळतात, सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये नाही. इंजिनिअरिंगची फीसवलत हवी तर प्रवेश कॅप फेरीतून लागतो, आणि तिथे मुख्यतः सीईटी चालते. ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू योजनेत निम्मी ट्यूशन फी मिळते. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण माफी आहे. मुस्लिम ओबीसी घरांनी मुलींची जातीची कागदपत्रं आत्ताच काढून ठेवावीत.

मग खेळ सोडायचा? मुळीच नाही. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण पदासाठी लागणारी पदवी त्यांनाही लागतेच. म्हणजे प्रमाणपत्र आणि मार्कशीट एकाच फाइलमध्ये असतील तरच दार उघडतं.

हे ओझं एकट्या पोरांनी का वाहायचं? आपल्या जमाती, ट्रस्ट आणि शिष्यवृत्ती समित्या फक्त टक्केवारी बघतात. त्यांच्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. मदतीच्या फॉर्ममध्ये खेळाचा एक रकाना घाला. बूट आणि स्पर्धेच्या प्रवासासाठी थोडा निधी वेगळा ठेवा. सरावामुळे ज्यांचा क्लास बुडतो त्यांच्यासाठी रात्रीचा सीईटी वर्ग चालवा. गणित शिकवायला माझ्यासारखे इंजिनिअर आहेत, ऑनलाइनही शिकवू.

पुढच्या गुणगौरवाची यादी कराल, तेव्हा मैदानावरही एक चक्कर मारा.