औषध हरते तेव्हा दोष कुणाचा?

मलेरियाचे औषध लागू पडेनासे झाले की पहिले बोट रुग्णाकडे जाते. लोक अडाणी आहेत, गोळ्या अर्धवट सोडतात, असे म्हणून व्यवस्था मोकळी होते. पण इतिहास काय सांगतो?

क्लोरोक्विनला दाद न देणारा फॅल्सीपेरम मलेरिया आपल्या देशात १९७३ साली आसामच्या कार्बी आंगलाँग या आदिवासी डोंगराळ भागात आढळला. त्यानंतर टप्प्याटप्प्याने औषधे बदलत गेली. पण देशातील प्रत्येक फॅल्सीपेरम रुग्णाला आर्टेसुनेटसह जोड-औषध देण्याचे धोरण २०१० साली आले. मधल्या ३७ वर्षांचा हिशेब कोण देणार? ईशान्य भारतात त्या जोडीतले दुसरे औषधही निकामी ठरू लागले, म्हणून २०१३ साली तिथे जोडी बदलावी लागली. जोडीतला एक बैल बसला की सारा भार दुसऱ्यावर पडतो.

कंबोडियाच्या पश्चिम भागात २००८ च्या सुमारास खुद्द आर्टेमिसिनिनचाच प्रभाव मंदावल्याचे दिसले. आता रवांडा, युगांडातही तेच सिद्ध झाले आहे. हे औषध एकटे विकू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बजावले होते. मग एकट्या गोळ्या बाजारात विकल्या कुणी? रुग्णाने नव्हे!

अपुऱ्या औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि डास तेच पुढच्या घरी नेतो. ताप उतरला तरी रक्तात डासाला लागण करणारी जंतूंची अवस्था शिल्लक राहू शकते. ती मारण्यासाठी फॅल्सीपेरममध्ये प्रायमाक्विनची एकच मात्रा असते. व्हायवॅक्समध्ये यकृतात दडलेले जंतू मारण्यासाठी तीच गोळी १४ दिवस घ्यावी लागते. तिसऱ्या दिवशी बरे वाटले की वीटभट्टीवरचा किंवा मुंबईतल्या बांधकामावरचा मजूर कामावर जातो, कारण खाडा पडला तर चूल पेटत नाही. याला अडाणीपणा म्हणायचे की पोटाची सक्ती?

म्हणून आमची मागणी साधी आहे. भामरागडच्या पाड्यावरही रक्ततपासणीचा निकाल त्याच दिवशी मिळावा. पूर्ण मात्रा कर्मचाऱ्यासमोर घेतली जावी. तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासावे. हे सारे करणाऱ्या आशाताईला तिचा मोबदला वेळेवर मिळावा. २०३० पर्यंत मलेरिया हद्दपार करण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. ज्यांच्या रक्ताच्या नमुन्यांवर संशोधन होते, त्यांच्या दारापर्यंत त्याचे फळ पोहोचले नाही, तर हे उद्दिष्ट कागदावरच राहील.