वार पडेपर्यंत वासरू उपाशी

श्रावण-भाद्रपदापासून थंडीपर्यंत म्हशी विण्याचा हंगाम. या दिवसांत पशुवैद्यकाला येणारे बरेचसे फोन एकाच तक्रारीचे : ‘डॉक्टर, वार अडकलीय.’ गोठ्यावर जावे तर म्हशीच्या लोंबत्या वारेला कुणीतरी वीट बांधलेली आणि पलीकडच्या खुंट्याला पारडू दावे चोखत उभे. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, हा घरातल्या थोरांचा दंडक!

तो मोडून काढण्यात आपण पशुवैद्यक कमी पडलो, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाई-म्हशींच्या वारेतून गर्भाला प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती मिळतात चिकातून. ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता मात्र तासागणिक घटते आणि २४ तासांत जवळजवळ संपते. म्हणून ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवशी सुमारे ३ लिटर चीक हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. वार अडकली असे आपण म्हणतो तेच मुळी १२ तासांनी. तोवर थांबले तर चिकाचा खरा उपयोग हातचा गेलाच. शिवाय वासरू ढुसण्या देत पिऊ लागले की पान्ह्याबरोबर गर्भाशयही आकुंचन पावते, म्हणजे वार पडायला मदतच होते. उरलेल्या चिकाचा खरवस खुशाल करा, आम्हालाही आवडतो. पण आधी वासरू. फोनवरचा आपला पहिला प्रश्न ‘चीक पाजला का?’ हाच असावा.

दुसरी गोष्ट हात घालून वार ओढण्याची. ओढली नाही तर ‘डॉक्टरांनी काहीच केले नाही’ असे मालकाला वाटते, म्हणून अनेक जण मनाविरुद्ध ओढतात. त्यात गर्भाशयाला इजा होते, जंतुसंसर्ग होतो आणि जनावर पुढे महिनोन्‌महिने उलटत राहते. मालकाची नाराजी पत्करावी, ताप असेल तर त्यावर उपचार करावेत आणि लोंबणारा भाग तेवढा कापावा.

सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकलेल्या जनावराच्या वारेला तर उघडा हात लावूच नका. गाभ टाकायला लावणारा ब्रुसेलोसिस माणसालाही होतो, आणि तो पशुवैद्यकांना व गोठ्यात राबणाऱ्यांनाच आधी गाठतो. गाभ आणि वार चुना टाकून खोल पुरायला लावा. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच टोचायची असते. २०१९ पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. आपल्या कार्यक्षेत्रातल्या अशा कालवडी-पारड्यांची यादी या महिन्यातच पुरी करा.